साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि त्यामागचा जैन कर्मवीर

मुळा-मुठेच्या दोन तीरांवर वसलेल्या मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द या गावांतील कित्येक मुलामुलींचे शिक्षण हडपसरला झाले. हडपसरचे साधना विद्यालय आणि एस. एम. जोशी महाविद्यालय ही नावे या परिसरात घरोघरी परिचयाची आहेत. या दोन्ही संस्था रयत शिक्षण संस्थेच्या शाखा होत. संस्थेच्या बोधचिन्हावर वटवृक्ष आहे, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु हा वटवृक्ष लावणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने दिगंबर जैन होते, त्यांचे शालेय जीवन एका जैन बोर्डिंगमध्ये गेले, आणि त्याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले, ही हकीकत मात्र आपल्या समाजातही फार थोड्यांच्या स्मरणात आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत समाजाच्या दानशूरतेचा गौरव होणे उचितच आहे. पण त्या गौरवाच्या पानांशेजारी ही हकीकतही छापली जावी. कारण साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचा इतिहास खऱ्या अर्थाने त्या बोर्डिंगच्या दारातच सुरू होतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी, आजोळी झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. जैन म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पेढी, गादी आणि तराजू उभा राहतो. कोल्हापूर-सांगली भागातील जैन समाज त्याहून निराळा. तो पिढ्यान्‌पिढ्या शेती कसणारा, मराठी बोलणारा, गावची पाटीलकी सांभाळणारा. मंदिर एकच, नवकार एकच, पण हातात मापाऐवजी नांगर. पुढे भाऊरावांनी शिक्षणाची सांगड श्रमाशी घातली, तिचे मूळ या शेतकरी जैन घरात शोधावे लागते.

त्या काळी शिक्षणाच्या बाबतीत जैन समाज जागा होत होता. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद जव्हेरी यांच्यासारख्या दानशूरांनी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्याचे कार्य हाती घेतले होते. खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा नाही, जेवणाची सोय नाही, आणि म्हणून शिक्षण नाही, हे दुखणे या मंडळींनी अचूक ओळखले होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून भाऊराव राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. बोर्डिंगच्या कारभाराची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे उच्चविद्याविभूषित, सुधारणावादी आणि समाजाचे आघाडीचे कार्यकर्ते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही झाले.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. त्याच्या उद्घाटन समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर बोर्डिंगच्या शिस्तीप्रमाणे त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. स्नान करण्यास त्यांची हरकत नव्हती. स्नान कशासाठी करावयाचे, याला हरकत होती. माणसांच्या शेजारी बसल्याने माणूस विटाळतो, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आपल्या छत्राखाली आसरा दिला.

उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशबल मुनींची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवचनात ऐकलेली असते. चांडाळ कुळात जन्मलेले हे मुनी भिक्षेसाठी यज्ञमंडपात गेले असता त्यांना हाकलून देण्यात आले आणि अखेरीस हाकलणाऱ्यांनाच त्यांची थोरवी मान्य करावी लागली. जन्माने नव्हे, कर्माने माणसाची योग्यता ठरते, हे भगवान महावीरांच्या शासनात इतके स्पष्ट सांगितलेले असूनही एका जैन बोर्डिंगने एका जैन मुलाला शुद्धीचे स्नान करावयास सांगितले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण घडले ते असे. त्याच वेळी हेही विसरता कामा नये की, ते बोर्डिंग नसते तर ऐतवड्याचा हा मुलगा कोल्हापूरला शिकावयास आलाच नसता. समाजाने त्यांना आधारही दिला आणि दारही दाखविले. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर मांडाव्या लागतात.

या प्रकरणाचा पुढील अध्याय अधिक विलक्षण आहे. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांवर डांबर टाकण्यात आले. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यासाठी तुरुंगवास भोगला, छळ सोसला. यातना असह्य होऊन तुरुंगात जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण शब्द फिरविला नाही. सत्य हे पाच महाव्रतांपैकी एक आहे. ते पाळण्याची एवढी किंमत किती जणांनी मोजली असेल?

शालेय शिक्षण भाऊराव पुरे करू शकले नव्हते. मॅट्रिकच्या अलीकडेच त्यांचे पुस्तकी शिक्षण थांबले. मग साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. व्यापारी वाचकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. फिरता विक्रेता म्हणून त्यांनी गावोगाव पायपीट केली. लोखंडी नांगर विकावयाचा तर आधी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागे, त्याची जमीन, त्याचे कर्ज, त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करावी लागे. खेड्यातील दैन्य किती खोल आहे आणि ते शिक्षणाअभावी कसे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, हे त्यांना या फिरतीत उमगले.

दरम्यान, १९१० च्या सुमारास दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले होते. ते चालविण्यासाठी मूठभर धान्याची योजना होती. गृहिणीने रोज दळणातील किंवा शिजवावयाच्या धान्यातील एक मूठ बाजूला काढावयाची आणि ती मुलांच्या जेवणासाठी द्यावयाची. या मुष्टिफंडाने देणाऱ्याचे काही कमी होत नव्हते, आणि घेणाऱ्यालाही मिंधेपण वाटत नव्हते. आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. त्यांतील आहारदान आणि ज्ञानदान या एका मुठीत एकत्र आले होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. ज्या शाहू महाराजांनी निराधार विद्यार्थ्याला आसरा दिला, त्यांच्याच राज्यात भाऊरावांना तुरुंगही पाहावा लागला होता. तरी नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आसरा स्मरला.

या बोर्डिंगची खरी अन्नपूर्णा होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरात त्या वाढल्या होत्या. सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवून त्यांना स्वतःच्या हाताने वाढणे ही गोष्ट त्यांच्या संस्कारांना सहजासहजी रुचणारी नव्हती. कल्पना करावी, एका बाजूस माहेरचे संस्कार आणि दुसऱ्या बाजूस भुकेली पोरे. त्यांनी पोरांना जवळ केले. कोठारात धान्य नसे तेव्हा अंगावरचा एकेक दागिना मोडला जाऊ लागला, आणि अखेरीस मंगळसूत्रही. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. कॉलेज पाहण्याचे त्यांच्या भाग्यात नव्हते. भाऊरावांच्या नावापुढे लोकांनी कर्मवीर ही पदवी लावली. लक्ष्मीबाईंच्या नावापुढे रयत माऊली ही उपाधी लावली जाते.

त्यानंतरच्या वर्षांत संस्थेचा विस्तार होत गेला. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले, १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय आणि १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. गावोगाव मराठी शाळा निघाल्या त्या वेगळ्याच. बोर्डिंगमधील मुले मॅट्रिक होऊ लागली, आणि मग पुढचा प्रश्न उभा राहिला. कॉलेजसाठी पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. फी, खाणावळ, खोलीभाडे, पुस्तके यांचा हिशेब मांडला की शेतमजुराच्या मुलाचे शिक्षण मॅट्रिकलाच संपे.

म्हणून जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने श्रम करावेत आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात विनामूल्य राहून शिकावे, अशा पायावर उभारलेले हे कॉलेज होते. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज सर्वांच्या ओठी आहेत. त्या वेळी ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही. कॉलेज म्हणजे कोट-टाय, टेनिस आणि वाङ्मय मंडळ. येथे विद्यार्थी सकाळी कुदळ-फावडे घेऊन माळरानावर जात, जमीन सपाट करीत, शेतात राबत, बांधकामावर दगडमाती वाहत, स्वयंपाकघरात पाळी करीत, आणि मग हातपाय धुऊन शेक्सपिअर वा अर्थशास्त्राच्या तासाला बसत.

वाणिज्याच्या भाषेत सांगावयाचे तर, भांडवल नसलेल्या माणसाने भागीदारीत आपले श्रम घालावेत, तसे हे होते. विद्यार्थ्याच्या नावे एक खाते. जमेच्या बाजूला त्याचे काम, नावेच्या बाजूला त्याची फी आणि जेवण. खाते जुळले की तो कोणाचा ऋणी नाही. धर्मादाय शिक्षण आणि हे शिक्षण यांत जो फरक आहे, तो इथे आहे. फुकट जेवणारा मुलगा मान खाली घालून जेवतो. कष्ट करून जेवणारा ताठ बसतो. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे ब्रीदवाक्य त्यामुळे भिंतीवर लिहिण्यापुरते राहिले नाही. दात्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी घेणाऱ्याच्या मनाला जो चरा पडतो, त्याचा विचार आपल्या ट्रस्टांच्या शिष्यवृत्ती वाटपाच्या समारंभांत, व्यासपीठावर पाकिटे देताना, कितपत होतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

या कॉलेजचे एकत्रित जीवन हीच त्याची खरी परंपरा. वसतिगृहात जातीनुसार खोल्या नाहीत, पंक्ती नाहीत, पाण्याचे माठ वेगळे नाहीत. शेतकऱ्याचा, महाराचा, मांगाचा, रामोश्याचा, मुसलमानाचा आणि जैनाचा मुलगा एकाच चुलीवरची भाकरी खाई. शिक्षकही त्यांच्यातच वावरत. बोर्डिंगमध्ये शिकून विलायतेला गेलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. ज्या संस्थेत अंगमेहनत केली तिच्याच प्राचार्याच्या खुर्चीत बसावयाचे, हा क्रम येथे अपवाद राहिला नाही.

कॉलेज सुरू होऊन जेमतेम वर्ष होते न होते तोच संकट ओढवले. १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या अशांत काळात भाऊरावांनी केलेल्या भाषणावरून मुंबई सरकारची त्यांच्यावर इतराजी झाली आणि संस्थेचे अनुदान बंद करण्यात आले. शेकडो शाळा, हजारो मुले, आणि तिजोरी रिकामी. व्यापारात असा प्रसंग आला तर पेढी बंद होते. येथे खेडी धावून आली. कोणी धान्य दिले, कोणी पैसे. गाडगे महाराजांसारख्या संतपुरुषाने संस्थेच्या बाजूने आपला शब्द टाकला. कालांतराने अनुदान पूर्ववत झाले. या कसोटीत कॉलेज टिकले ते मूठ-मूठ देण्याची सवय गावांना तीसपस्तीस वर्षे आधीच लागली होती म्हणून.

नावाविषयीची एक गोष्ट साताऱ्याकडे आवर्जून सांगितली जाते. कॉलेज पैशांच्या अडचणीत असताना एका धनिकाने फार मोठी देणगी देऊ केली. अट एवढीच की, कॉलेजचे नाव बदलावे आणि त्याच्या इच्छेप्रमाणे ठेवावे. भाऊरावांनी उत्तर दिले ते असे की, एक वेळ स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही. गोष्ट सांगोवांगीची असेल, तिच्यात तिखटमीठ पडलेही असेल. पण तिच्यामागचा स्वभाव खरा आहे, याला संस्थेच्या शाखांची नावे साक्ष आहेत. शाहू, सयाजीराव, शिवाजी. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेले कॉलेज सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाचे. १९५५ मध्ये साताऱ्यास निघालेले शिक्षणशास्त्राचे कॉलेज मौलाना आझादांच्या नावाचे. सर्वांवर मिळून एकच नाव, 'रयत', म्हणजे सामान्य प्रजा. आपल्या मंदिरांत, धर्मशाळांत, पाणपोयांवर आणि कधीकधी पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्याचे नाव असते. त्यात पाप काही नाही, पुढच्याला देण्याची प्रेरणाही होते. परंतु अपरिग्रहाचे व्रत घराघरांत उच्चारणाऱ्या समाजातून असा एक माणूस निघाला की ज्याने नावाचाही परिग्रह केला नाही, याची नोंद राहावी.

भाऊराव अनवाणी चालत, खादी नेसत, दाढी राखत. गावोगाव पायी फिरणारी ती मूर्ती पाहून आपल्या साधुसाध्वींच्या विहाराची आठवण कोणास झाली असेल तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. त्यांनी दीक्षा घेतली नाही, प्रवचने दिली नाहीत. धर्माचे नावही ते क्वचितच काढीत. म्हणूनच कदाचित समाजाने त्यांना आपले म्हणण्यास उशीर केला. आता जैन संस्थांच्या सभागृहांत त्यांचे छायाचित्र लागते, जैन समाजातील थोर पुरुषांच्या यादीत त्यांचे नाव अग्रभागी येते. यात आनंदच आहे. मात्र ते छायाचित्र लावणाऱ्या संस्थेच्या वसतिगृहात कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्या छायाचित्रासोबत भिंतीवर येऊन बसतो. समाजाच्या पैशातून समाजाच्या मुलांची सोय करण्यात गैर काही नाही. तशी सोय होती म्हणून तर भाऊराव घडले. अडचण येते ती दाराशी थांबलेल्या दुसऱ्या मुलाची. दुधगावला आणि साताऱ्याला त्याला आत घेतले गेले. प्रत्येक ट्रस्टच्या विश्वस्तांना हा निर्णय कधी ना कधी घ्यावा लागतो, आणि पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या ट्रस्टला तो पुढच्या पन्नास वर्षांसाठी घ्यावा लागतो.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला विद्यापीठाने पंडित ठरविले. त्या वेळी छत्रपती शिवाजी कॉलेज याच विद्यापीठाशी संलग्न होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर ते तिकडे गेले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात भाऊरावांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.

शिवाजी कॉलेज आज लहान राहिलेले नाही. २०२१ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या सातशेच्या वर गेली आहे. माळावर कुदळ मारणारी ती पहिली तुकडी आता हयात असली तर शंभरीला टेकलेली असेल.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याणाच्या योजनांत एक योजना 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना' या नावाने ओळखली जाते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेला पाणी घालणे अशी कामे करून मिळणाऱ्या तासागणिक मोबदल्यावर कितीतरी मुले शिकली. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्याला आलेली, खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे यांची तोंडमिळवणी करणारी मुले त्यांत असतात. मांजरीत आणि आसपास भाड्याच्या खोल्यांतून अशी पुष्कळ मुले राहतात. साताऱ्याला ९ मे रोजी दरवर्षी समाधीपुढे माणसे जमतात, त्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, सरकारी अधिकारी असतात, वयाने वाकलेले शेतकरी असतात, आणि पायांतील वहाणा बाहेर काढून सारे आत जातात.